प्रांतसाहेबांचा जिल्हा

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायला आल्यापासून जगन्नाथरावांना कुणी काही विचारलं नव्हतं. महाराष्ट्रात ते प्रांत होते, म्हणजे जिल्ह्याच्या एका भागाचे साहेब, कलेक्टरच्या खालोखालचे. ते दौऱ्यावर निघाले की तलाठ्यांची तारांबळ उडायची. इथे एवढाच प्रश्न यायचा, की बाबा, गार्बेज बाहेर ठेवलं का.

त्यामुळे सातवीतली नात उर्वी समोर येऊन बसली, तेव्हा ते खुर्चीत सरसावले.

"आजोबा, फ्रेंच क्लासमध्ये मला फ्रान्सचा बॉर्डरवरचा एक जिल्हा मिळालाय. प्रेझेंटेशन आहे. हेल्प कराल?"

"जिल्हा म्हणजे आपलाच विषय. कुठला मिळालाय?"

"अँ."

"जिल्हा कुठला, असं विचारतोय मी."

"अँ, आजोबा."

जगन्नाथरावांनी आवाज चढवला. उर्वीनेही चढवला. तिसऱ्या 'अँ'ला त्यांनी मनाशी निदान केलं. दिवसभर कानांवर ते हेडफोन, पोरीचे कान गेले असणार. त्यांनी सुनेला, कांचनला, बाजूला घेऊन सांगितलं. कांचनचा विश्वास बसेना. तिने खात्री करायला जिन्याखालून विचारलं, कुठला डिस्ट्रिक्ट गं. वरून स्वच्छ आवाजात 'अँ' आलं. कांचनने उभ्या उभ्या शोभनामावशींची अपॉइंटमेंट घेतली. मावशी शेजारच्या कॅरी गावात कान तपासायच्या.

मावशींनी उर्वीला बंद खोलीत बसवून बारीकसारीक सगळ्या शिट्ट्या ऐकवल्या. कान ठणठणीत निघाले. मग आजोबांना नीट उत्तर का देत नाहीस, असं विचारल्यावर उर्वीने वैतागून कागदावर ए, आय, एन अशी तीन अक्षरं लिहिली.

"फ्रेंच लोक ह्याला 'अँ'च म्हणतात. दॅट्स लिटरली द नेम."

मावशींना हसू आवरेना. काका, आलाच आहात तर तुमचेही कान बघते, असं त्या म्हणाल्या. जगन्नाथरावांनी बाणेदारपणे नकार दिला. त्यांना सगळं ऐकू येत होतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलत.

घरी नकाशा पसरला आणि प्रांतसाहेबांना माहेर सापडलं. पूर्वेला स्वित्झर्लंड, कडेने वाहणारी ऱ्होन नदी, मध्ये ज्युराचे डोंगर. तिथला 'प्रीफे' म्हणजे कलेक्टर, आणि त्याच्या हाताखालचा 'सू-प्रीफे' म्हणजे सरळसरळ प्रांत. जेक्स नावाचा भाग तर डोंगरापलीकडे पडलेला. तिथली माणसं रोज सीमा ओलांडून जिनिव्हाला कामाला जातात. डोंगराने तोडलेल्या भागाचा कारभार कसा करतात, हे जगन्नाथरावांना पाठ होतं. तीन दिवस उर्वी विचारत होती आणि ते सांगत होते. त्या तीन दिवसांत त्यांनी गार्बेज बाहेर ठेवलं नाही.

शुक्रवारी प्रेझेंटेशनला घरच्यांना बोलावलं होतं. उर्वी फ्रेंचमध्ये घडाघडा बोलली. शेवटी तिने आजोबांकडे हात केला आणि माझे आजोबा स्वतः सू-प्रीफे होते, असं सांगितलं. तेवढा एक शब्द जगन्नाथरावांना कळला आणि त्यांची छाती इतकी फुगली की कोटाचं बटण ताणलं गेलं. वर्गातल्या फ्रेंच मॅडम लगबगीने पुढे आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

जगन्नाथरावांनी उजवा कान पुढे केला.

"अँ?"

मॅडमचे डोळे विस्फारले. त्यांनी वळून वर्गाला काहीतरी भरभरून सांगितलं आणि सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. उर्वी क्षणभर थबकली. मग तिनेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. जगन्नाथरावांनी दौऱ्यावरच्यासारखी मान झुकवून मानवंदना स्वीकारली. निवृत्तीच्या दिवशीही त्यांना एवढं भरून आलं नव्हतं.

परतताना गाडीत ते ताठ बसून होते. उर्वी मागच्या सीटवरून पुढे वाकली आणि हळूच म्हणाली,

"आजोबा, मॅडमनी विचारलं होतं, की तुम्ही कुठल्या जिल्ह्यात सू-प्रीफे होतात."

"अँ?"

"करेक्ट," उर्वी म्हणाली.