दोन हजार एकशे चाळीस पानं आणि एक तसबीर

घर वाटता येतं, दुकान वाटता येतं, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटता येतात. पण गिऱ्हाइकाची सवय वाटून देण्याची सोय अजून कुठल्याही कायद्यात झालेली नाही. जामनगरात दोन वाटण्या पाहून हे सांगते आहे.

पहिली अडुसष्ट सालची. माझ्या वडिलांनी आणि काकांनी दुकानाच्या मधोमध भिंत घातली. जुना दरवाजा नेमका भिंतीवर आला, म्हणून न्यायाने तो कोणालाच न देता बुजवला. मग त्या बुजलेल्या दरवाजासमोर पोपटलाल मुनीम स्टूल टाकून, भिंत पुन्हा पाडेपर्यंत, अकरा वर्षं बसले. गिऱ्हाईक दिसलं की चेहरा बघून सांगायचे, "लग्नाची साडी, घरचोळं ना? डावीकडे, तिसरी फळी. अडकित्ता? उजवीकडे, काचेचं कपाट." एक गिऱ्हाईक हरवलं नाही. (तेव्हा याला तंत्रज्ञान म्हणत नसत. पोपटलाल म्हणत.)

दुसरी वाटणी परवाची. मला फई, म्हणजे आत्या, म्हणणारे माझे भाचे मनहर आणि किरीट यांनी दुकानाची वेबसाइट वाटली. बांधणी मनहरला, अडकित्ते आणि कुंकू किरीटला. इंटरनेटवर 'जामनगरची बांधणी' शोधलं की आमचं नाव पहिल्या पानावर तिसरं येई. त्या तिसऱ्या ओळीवर गावातल्या बासष्ट बायकांचं काम चालत होतं. घरी बसून, वाढवलेल्या नखाने कापड उचलून गाठी बांधायचं.

राजकोटहून रक्षाबेन आल्या. वेबसाइटी जोडणं-तोडणं हा त्यांचा धंदा. त्या म्हणाल्या, "जुन्या प्रत्येक पानावरून त्याच वस्तूच्या नव्या पानाकडे वळण लावा. एकेक करून. तरच आपली जागा टिकते."

"म्हणजे पोपटलाल," मी म्हटलं.

"कोण?"

"काही नाही, चालू द्या."

पण जुन्या साइटचं दर्शनी पान कोणाकडे वळवायचं, यावर सात बैठका झाल्या (चहा एकोणपन्नास कप, निर्णय शून्य).

"मी मोठा आहे," मनहर म्हणाला.

"मोठे आहात म्हणून तर सोडा, मोटाभाई," किरीट म्हणाला.

आठव्या बैठकीत घराण्याला शोभेलसा ठराव झाला: कुठलंही पान कोणाही भावाकडे न वळवता सर्व दोन हजार एकशे चाळीस पानं दोघांच्या दिवंगत वडिलांच्या, म्हणजे बापुजींच्या, हार घातलेल्या तसबिरीकडे वळवावीत. रक्षाबेननी कपाळाला हात लावला. ती संमती म्हणून नोंदवण्यात आली.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेच्या मुहूर्तावर अंमल सुरू झाला. घरचोळं शोधणाऱ्या नवरीला बापुजी दिसले. अडकित्ता शोधणाऱ्यालाही बापुजीच. माणूस तिथे सरासरी चार सेकंद थांबे. (बापुजी गल्ल्यावर बसत तेव्हा लोक याहून कमी थांबत.) शोकसंदेश एकोणीस आले. इंग्लंडातल्या लेस्टरहून एका बाईने हार कितीला, एवढंच विचारलं. महिन्याभरात आम्ही पहिल्या पानावरून नवव्या पानावर गेलो.

गाठी बांधणाऱ्यांचं काम वाटून देणारी हसीनाबेन चौथ्यांदा रिकामी पिशवी घेऊन आली.

"फई, आजपण कापड नाही?"

"बाजार थंड आहे, हसीनाबेन," किरीटने मधेच सांगितलं.

"बाजार कशाला थंड असेल? माझ्या लेकीच्या फोनवर बांधणी शोधली तर तुझे बापुजी येतात. उदबत्ती लावायची तेवढी राहिलीय."

सहा महिन्यांनी दोन्ही साइटींचं विलीनीकरण झालं. बारा दिवस मी रक्षाबेनजवळ बसून कुठलं जुनं पान कुठल्या वस्तूचं ते सांगितलं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मला पोपटलालची जागा मिळाली. तसबिरीचं पान मात्र काढायला कोणी धजलं नाही. 'हार घातलेली तसबीर' शोधाल तर आज आम्ही पहिले आहोत. बांधणीत चौथ्या पानावर. बासष्टपैकी तेवीस बायका उरल्या. बाकीच्या पापड लाटायला गेल्या.

दोघे भाऊ मूर्ख, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. फक्त गेल्या लग्नसराईत तुम्हीही बांधणी शोधली असेल, तेव्हा नवव्या पानापर्यंत कितीजण आलात, तेवढं कळवा. हसीनाबेन सहा महिने तिथेच बसली होती.