काळं, जाड आणि केसाळ

एका जंगलात मोहाची झाडं भरपूर होती आणि अक्कल बेताची. त्यामुळे तिथे सगळे सुखात होते. मुलांनो, ही गोष्ट तिथली. सांगणारा म्हातारा आहे आणि शाळेत फार टिकलेला नाही. मध्ये बोलाल तर गोष्ट बंद होईल.

त्या जंगलात रखमाजी नावाचं अस्वल होतं. त्याच्याकडे मोहाच्या कोठाराची राखण होती. चैत्रात झाडांखाली फुलांचा सडा पडे. सगळे प्राणी ती वेचत, वाळवत आणि एका कुंपणाच्या आत ढीग लावत. पावसाळ्यात खायला काही नसलं की त्यातून ज्याचा त्याला वाटा मिळे.

कुंपणासमोर गुहा होती आणि गुहेसमोर मोठा दगड. त्या दगडावर रखमाजी बसे. दुसरं कोणी त्यावर बसत नसे. रखमाजी नसतानासुद्धा बसत नसे. रखमाजीला या गोष्टीचा फार अभिमान होता. तो दाखवत नसे. पण दगड रोज पुसून घेई.

राखणीसाठी त्याच्याकडे कॅमेरे होते. जुने. प्रत्येक कॅमेऱ्याला धामणीएवढी जाड काळी वायर. ती जमिनीवरून सरळ गुहेत यायची. गुहेत एक खोकं, खोक्यात फीत, आणि शेजारी पोट सुटलेला टीव्ही. टीव्हीत चित्र दिसे ते ताकात बघितल्यासारखं. काळं आणि पांढरं, मध्ये आडव्या रेघा. फीत भरली की जुन्या चित्रावर नवं चढे. जुनं गेलं ते गेलं.

रखमाजीला यात काही कमी वाटत नसे. तो म्हणे, बघणाऱ्याची नजर पाहिजे, चित्राचं काय.

आणि खरं सांगायचं तर त्याचा वचक होता. ढीग खाली गेला की रखमाजी सगळ्यांना गुहेत बोलावे. टीव्ही लावी. टीव्हीत एक धुरकट गोळा हललेला दिसे. रखमाजी गोळ्याकडे बघत नसे. तो समोर बसलेल्यांकडे बघे आणि एकच वाक्य बोले.

"ओळख पटली का?"

 मुलांनो, धुरकट चित्राची एक गंमत असते. ज्याच्या मनात जे असतं ते त्याला तिथे दिसतं. वानर थोडा वेळ कान खाजवी आणि मग कबूल करी की बुवा, आंबे मीच पाडले, पण कच्चे होते. मुंगूस अंड्यांचं सांगे. साळूबाई म्हणून एक साळिंदर होती, जिभेनं काट्यांहून तिखट. तीसुद्धा एकदा म्हणाली की शेजारणीचे कंद उकरले ते खरं आहे, पण तिनं आधी माझे उकरले होते.

एका गोळ्यात अशा कितीतरी चोऱ्या उघड झाल्या. फक्त मोहाची चोरी उघड होत नसे. ढीग खाली जातच राही.

शेवटी रखमाजीनं डोकं लावलं. गोळा काळा होता. जाड होता. केसाळ होता. आणि पुढच्या बाजूला काहीतरी पांढरं दिसत होतं.

"हे पांढरं म्हणजे सुळे," रखमाजी म्हणाला.

सगळ्यांनी सुकाजीकडे पाहिलं. सुकाजी हे रानडुक्कर. बिचारा मुकाट खाली मान घालून माती हुंगणारा.

"बुवा, मी नाही," सुकाजी म्हणाला.

इथेच तो सापडला. कारण बाकी सगळ्यांनी काही ना काही कबूल केलं होतं. एकट्या सुकाजीनं काहीच कबूल केलं नव्हतं. रखमाजीच्या मते याहून मोठा पुरावा लागत नाही.

सुकाजीचा वाटा बंद झाला. त्याला जंगलाबाहेर काढलं. तो बायकोपोरांसह माळावर जाऊन राहिला. तिथे दगडच होते. पोरं दिवसभर दगड उलथत आणि खाली काही नसलं की पुढचा दगड उलथत. रखमाजीला आपल्या जागेवरून ते दिसे. तो तोंड फिरवून बसे. शिस्त म्हणजे शिस्त.

आता ढीग खाली जायला नको होता. पण गेला.

रखमाजी म्हणाला, सुकाजीचा कोणीतरी साथीदार आत आहे. पुढच्या खेपेलाही तेच म्हणाला. तिसऱ्या खेपेला सरपंच गव्याला कंटाळा आला. त्यानं कोतवालाला बोलावलं.

कोतवाल म्हणजे तो काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. तो शहरात राहून आला होता. त्यानं झाडाच्या फांदीवर बसून नव्या कॅमेऱ्याची माहिती सांगितली. हा नेटवर्कवरचा कॅमेरा. वायर बारीक, चिंचेच्या फोकाएवढी. वीज त्याच वायरीतून जाते आणि चित्र त्याच वायरीतून येतं. चित्र रंगीत. मिशीचा केससुद्धा वेगळा दिसतो. जुनं चित्र पुसलं जात नाही. आणि कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं आहे. कोण आलं ते तो स्वतः ओळखतो, त्याच्याभोवती चौकोन काढतो आणि खाली नाव लिहितो.

"ज्याला स्वतःचं डोकं आहे तो ऐकणार कुणाचं?" रखमाजीनं विचारलं.

कोतवाल म्हणाला, ऐकायचं नाही, बघायचं. ज्याला हवं त्यानं, हवं तेव्हा, आपल्या बिळात किंवा घरट्यात बसून.

"मग मी कशाला?"

यावर कोतवाल शेपटी साफ करू लागला. रखमाजी हबकला. पण ते चेहऱ्यावर आलं नाही. अस्वलाच्या चेहऱ्याला हा एक फायदा आहे.

त्यानं सरपंचाला सरळ सांगितलं. एकाच खांबावर दोन्ही लावा, माझा जुना आणि याचा नवा. पावसाळा तोंडावर येईपर्यंत दोन्ही चालू दे. मग दोन्ही चित्रं सगळ्यांसमोर लावू. घरात बसून चोर पकडला असं मी मानणार नाही.

सुकाजी कुंपणापलीकडे उभा होता. त्यानं तिथूनच विचारलं, "आणि बुवा, मी नाही असं निघालं तर?"

"तर मी हा दगड सोडीन."

 रखमाजी दगड सोडेल ही कल्पनाच कोणी केली नव्हती. रखमाजीनंही केली नव्हती. शब्द तोंडातून गेला होता. पण एकदा दिलेला शब्द तो मागे घेत नसे, कारण मागे कसा घेतात ते त्याला येत नव्हतं.

दोन्ही कॅमेरे लागले. उन्हाळा गेला. एके दिवशी सकाळी दगडाशेजारच्या बेहड्याच्या झाडाखाली सगळे जमले. एका बाजूला जुना टीव्ही आणला, एका बाजूला नवा चपटा पडदा. रखमाजी आपल्या दगडावर ताठ बसला. सुकाजीही पोरांसह आला आणि लांब बसला.

आधी जुनं चित्र लागलं. रेघा आल्या. मग ताकातून गोळा वर आला. काळा, जाड, केसाळ, आणि पुढे काहीतरी पांढरं.

"सुळे," रखमाजी म्हणाला. "आता तुमचं ते लावा."

कोतवालानं तोच दिवस, तीच वेळ लावली. पडद्यावर कडक ऊन दिसलं. कुंपणाची एकेक काडी दिसली. आणि फाटकातून एक अस्वल आत आलं.

रखमाजीला बरं वाटलं. स्वतःला इतकं स्वच्छ त्यानं कधी पाहिलं नव्हतं. वय झालं होतं, पण चाल अजून रुबाबदार होती.

"बघून घ्या," तो म्हणाला. "ऊन मी म्हणतंय. तुम्ही सगळे सावलीत लोळताय. राखणदार फेरीवर आहे."



पडद्यावरचं अस्वल पहिल्या ढिगाशी थांबलं. त्यानं पंजा घातला, मूठभर मोह तोंडात टाकला.

"तपासणी," रखमाजीनं समजावलं. "मोहाला बुरशी धरते. दिसत नाही. चवीला कळते. मला स्वतःला मोह आवडत नाही. पण काम आहे."

अस्वल दुसऱ्या ढिगाशी गेलं. पुन्हा पंजा. मग दुसरा पंजा.

"एका मुठीत नीट कळत नाही."

मग अस्वल ढिगात मांडी घालून बसलं.

"बसून बारकाईनं होतं," रखमाजी म्हणाला. पण आता त्याचा आवाज थोडा खाली आला होता.

"बुवा," साळूबाई म्हणाली, "बुरशी कुठवर गेलीय ते तळापर्यंत बघावं लागतं का?"

मागे कोणीतरी खोकलं. मुलांनो, एक गोष्ट सांगायची राहिली. सगळ्यांनी हे चित्र आपापल्या घरी कधीच पाहिलं होतं. रोज पाहत होते. काही जण तर पोरांना घेऊन बसत. रखमाजीला सांगायची हिंमत कुणाची नव्हती. ते चित्र पाहायचा राहिलेला एक रखमाजी होता, कारण त्याचा नव्या कॅमेऱ्यावर विश्वास नव्हता. आणि दुसरा सुकाजी, कारण माळावर पडदा नव्हता.

"हे ठीक आहे," रखमाजी म्हणाला. "पण चोर कधी येतो?"

कोतवालानं चोचीनं पडदा दाखवला. पडद्यावर अस्वलाभोवती एक हिरवा चौकोन उमटला. खाली नाव आलं. रखमाजीला वाचता येत नव्हतं. त्यानं कुणाला विचारलंही नाही.

तो जुन्या टीव्हीकडे वळला. तिथे गोळा बसला होता. त्यानं नव्या पडद्याकडे पाहिलं. तिथे अस्वल बसलं होतं. गोळ्यानं हात वर केला. अस्वलानं हात वर केला. अस्वलानं बोटं चाटली. गोळाही काहीतरी चाटत होता. गोळ्याच्या पुढे पांढरं होतं. अस्वलाच्या छातीवर पांढरा पट्टा होता.

रखमाजीनं खाली मान घालून आपल्या छातीकडे पाहिलं. पट्टा तिथेच होता. जन्मापासून होता.

त्यानं मोह चोरला नव्हता, असं त्याला अजूनही वाटत होतं. तपासला होता. फक्त ढिगाला यातला फरक कळला नव्हता.

माळावरची पोरं त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्यांची नाकं दगड उलथून उलथून सोलली होती. रखमाजीला ती इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसली. ती बघायला कुठलाही कॅमेरा लागत नव्हता.

तो दगडावरून उतरला. हळू उतरला, गुडघे दुखत होते. सुकाजीसमोर जाऊन उभा राहिला.

"तू नव्हतास," तो म्हणाला.

सरपंच गव्यानं विचारलं, ही माफी समजायची का.

"माझ्याकडे एवढीच आहे," रखमाजी म्हणाला आणि जंगलाबाहेर माळावर जाऊन बसला. त्याला कोणी काढलं नाही. चोरानं माळावर जायचं हा नियम त्यानंच केला होता, त्याला तो पाठ होता.

आता दगड रिकामा झाला. राखणदार कोण? सगळ्यांनी ठरवलं की ज्याच्यावर अन्याय झाला तोच योग्य. सुकाजीला दगडावर बसवलं. सुकाजीनं आधी दगड हुंगला, मग बसला. बसल्यावर त्याची मान आपोआप वर आली. त्या दगडाचा तो गुणच होता.

समोर नवा पडदा होता. पडद्यावर दगड दिसत होता, दगडावर सुकाजी, सुकाजीभोवती हिरवा चौकोन. सुकाजी डावीकडे सरकला. चौकोन डावीकडे सरकला. सुकाजी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला.

"राखण करतो," तो म्हणाला. "पण एक अट आहे. जुना कॅमेरा ठेवा."

मुलांनो, इतकं एकमत त्या जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं. सरपंच गवा पाठ खाजवायला रोज कुंपणाला घासत असे. कुंपण त्यानंच वाकवलं होतं, ते नव्या कॅमेऱ्यानं दाखवलं होतं. तो पहिला हो म्हणाला. वानरानं दोन्ही हात वर केले. साळूबाई म्हणाली की जुन्या चित्रात निदान ज्याला त्याला आपलं कबूल करायला जागा राहते, नव्यात ती सोय नाही.

कोतवाल आपलं सामान घेऊन पुढच्या जंगलात गेला. एक कॅमेरा खांबावर राहून गेला. त्यावर चिमणीनं घरटं केलं.

पाऊस सुरू झाला. ढीग वाट्यांच्या हिशेबापेक्षा जास्त खाली जाऊ लागला.

सुकाजीनं सगळ्यांना गुहेत बोलावलं. माळावरून रखमाजीलाही बोलावलं. टीव्ही लागला. रेघा आल्या. गोळा वर आला. काळा, जाड, केसाळ.

"पुढे पांढरं दिसतंय," सुकाजी म्हणाला. "तो छातीवरचा पट्टा."

सगळे रखमाजीकडे बघू लागले. रखमाजी टीव्हीपाशी गेला. नाक लावून बघितलं. पांढरं दोन बाजूंना होतं आणि टोकाला वर वळलं होतं. गोळा पायात आखूड होता. बघणाऱ्याची नजर पाहिजे, आणि रखमाजीला आता ती आली होती. त्यानं एकदा सुकाजीकडे पाहिलं. सुकाजी दुसरीकडे बघू लागला.

"ओळख पटली का?" सुकाजीनं विचारलं.

रखमाजी सगळ्यांकडे वळला. किती दिवसांनी त्याची मान ताठ झाली होती.

"बघा," तो म्हणाला. "मी म्हणत होतो की नाही? जुना माल आहे. अजूनही चोर पकडतो."

आणि तो चालत माळावर गेला.

तात्पर्य: चोरी थांबत नसेल तर राखणदार बदलून बघावा. कॅमेरा बदलू नये. नव्यात राखणदार दिसतो.