पान एकशे चौदाची माफी

गुरुवारी सकाळी बरोबर नऊ वाजता बारक्याने साऱ्या जगाची माफी मागितली, तेव्हा तो स्वतः दात घासत होता. फोन थरथरला, पुन्हा थरथरला, मग थांबेचना. ब्रश तोंडात तसाच ठेवून त्याने बघितलं. त्याच्याच नावाने, त्याच्याच फोटोखाली एक निवेदन झळकलं होतं.

"माझ्या आत्मचरित्रातील पान एकशे चौदावरील मजकुरामुळे ज्या व्यक्तीचं मन दुखावलं असेल, त्या व्यक्तीची मी हात जोडून क्षमा मागतो. मी तेव्हा लहान होतो. जे बोललो ते बोलायला नको होतं. आज मी जो काही आहे, तो त्या व्यक्तीमुळेच आहे."

निवेदन छानच होतं. अडचण एवढीच होती की बारक्यावर कोणी रागावलेलंच नव्हतं.

बारक्या हे त्याचं घरातलं नाव. बाहेर तो तरुण लेखक-अभिनेता होता, चौकाचौकांत त्याचे फलक होते आणि त्याने स्वतः लिहिलेल्या नाटकाचे दोनशे प्रयोग झाले होते. अठ्ठाविसाव्या वर्षी आत्मचरित्र लिहिण्याइतकं आयुष्यात काय घडतं, असं विचारायची सोय नाही. प्रकाशकाने विचारलं नव्हतं, मग आपण कोण विचारणारे?

खरं सांगायचं तर हे यश त्याच्या अभिनयाइतकंच त्याच्या माफ्यांवर उभं होतं. पहिल्यांदा तो एका मुलाखतीत म्हणाला, की जुन्या नटांना वाक्यं पाठ होत नाहीत. गदारोळ झाला, त्याने माफी मागितली आणि नाटकाचे पुढचे वीस प्रयोग भरले. दुसऱ्यांदा एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या सत्कारात तो पहिल्या रांगेत घोरला. तिसऱ्यांदा 'नाटक काय, दोन तासांत लिहून होतं' असं बोलून बसला. दर वेळी माफी, दर वेळी गर्दी. तेव्हापासून त्याची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या बाईंनी या प्रकाराला शिस्त लावली होती. वाद तिसऱ्या दिवशी पेटतो, माफी चौथ्या दिवशी सकाळी नऊला जाते, हा त्यांचा नियम. पुस्तक सोमवारी आलं, म्हणून माफी गुरुवारी. ती महिनाभर आधीच लिहून, वेळ लावून ठेवलेली होती. पानाचा आकडा घालायची अक्कलही त्यांचीच. आकडा दिसला की माणूस पुस्तक उघडून बघतो, आणि उघडायचं तर आधी विकत घ्यावं लागतं.

वाद पेटायचा होता तो सरांवरून. सर म्हणजे बारक्याला पहिली मोठी भूमिका देणारे वयस्कर दिग्दर्शक. तालमीत ते डुलक्या काढत आणि विशीतला बारक्या एकदा सगळ्यांदेखत त्यांना 'झोपाळू म्हातारा' म्हणाला होता. हे सगळं त्याने पुस्तकात चवीने लिहिलं होतं, पान एकशे चौदावर. पण तीन दिवसांत कोणी हूं की चूं केलं नाही. कारण उघड होतं. पुस्तक कोणी तिथवर वाचलंच नव्हतं.

बारक्याने प्रसिद्धीबाईंना फोन लावला. त्या दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत होत्या. अक्कलदाढ काढली होती आणि तोंडात कापूस होता.

"अहो, माफी गेली! थांबवायची होती ना?"

"उंऽऽ," बाई म्हणाल्या.

"आता मागे घेऊ का?"

"उंहूंऽऽ!" हे मात्र स्पष्ट होतं.

मग अकराच्या सुमारास प्रकाशकाचा फोन आला. त्यांचा आवाज आनंद आणि भीती यांच्या मधोमध कुठेतरी लटकला होता.

"दुकानांत रांगा लागल्यात. लोक उभ्या उभ्या एकशे चौदा उघडतायत. पण एक विचारू? तुम्ही आईबद्दल माफी का मागितली?"

"आईबद्दल? एकशे चौदावर सर आहेत."

"सर एकशे दहावर आहेत. वकिलांनी शेवटच्या दिवशी तुमच्या घरमालकावरची चार पानं उडवली, तेव्हा पुढचं सगळं चार पानं अलीकडे सरकलं. तुमच्या बाईंना कळवलं नाही का कोणी?"

कळवायचं काम प्रकाशकांचंच होतं, हे दोघांनाही एकाच वेळी आठवलं.

बारक्याने कपाटातून पुस्तक काढलं. छापून आल्यावर त्याने ते उघडलं नव्हतं, कव्हर तेवढं पुन्हा पुन्हा बघितलं होतं. पान एकशे चौदावर त्याची आई बसली होती.

तो किस्सा त्याने गंमत म्हणून लिहिला होता. एकोणिसाव्या वर्षी त्याचं पहिलं नाटक. आई हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर कामाला, ती ड्युटी संपवून थेट थिएटरात आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. महिनाभर स्वयंपाकघरात त्याची तालीम ऐकून तिला सगळं नाटक तोंडपाठ होतं. दुसऱ्या अंकात बारक्या अडला. शांतता लांबत गेली, आणि तिसऱ्या रांगेतून आईने त्याचं वाक्य खणखणीत आवाजात सांगितलं. सभागृह पोट धरधरून हसलं. नाटकानंतर बाहेर येऊन तो तिला म्हणाला, "यापुढे माझ्या नाटकाला येऊ नकोस." आणि किस्सा संपवताना त्याने लिहिलं होतं: 'त्या दिवसापासून आई माझ्या एकाही नाटकाला आलेली नाही. माझ्या यशाचं रहस्य बहुधा हेच असावं.'

लिहिताना ते वाक्य त्याला फार चटकदार वाटलं होतं. आज दात घासून झाल्यावर तेवढं वाटलं नाही.

दुपारपर्यंत आगीत तेल पडलं. एका वाहिनीने 'स्वतःच्या आईची लाज?' अशी चर्चा ठेवली आणि त्यात चार जण एकाच वेळी बोलले. एका मातृसंघटनेने निषेध केला. दुसऱ्या मातृसंघटनेने पहिल्या संघटनेचा निषेध केला. विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवणाऱ्यांच्या मंडळाने पत्रक काढलं, की प्रेक्षकांतून परस्पर वाक्य पुरवणं हा त्यांच्या कामावर घाला आहे आणि माफी खरं तर त्यांना मिळायला हवी.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"एकशे दहावर माझ्याबद्दल लिहिलंयस ना?" सर म्हणाले.

"सर, मी... ते..."

"झोपाळू म्हातारा म्हटलंयस. चारचौघांत. छापून."

"सर, माझं चुकलं."

"अरे, चुकलं ते सोड! एवढी शिवी दिलीस आणि माझ्या बाजूने एक माणूस उभा राहत नाही? एक पत्र नाही, एक फोन नाही. सगळं जग तुझ्या आईच्या मागे. चाळीस वर्षं या धंद्यात काढली मी!" सरांचा आवाज शेवटी कापला, आणि त्यांनी फोन ठेवला. ते खरंच दुखावले होते.

पण बारक्याचं चित्त आता तिकडे नव्हतं. सकाळपासून तो आईला फोन करत होता आणि आई उचलत नव्हती. शेवटी ताईने उचलला. ताई त्याची मोठी बहीण, आईजवळच राहणारी.

"काय चालवलंयस रे तू?" ताई म्हणाली. "हॉस्पिटलच्या खिडकीसमोर कॅमेरे लागले होते. पेशंटचे नातेवाईक वॉर्ड विचारायला येतात आणि म्हणतात, तुम्हीच ना त्या वाक्यवाल्या? साहेबांनी तिला दोन दिवस घरी बसवलंय."

"आई काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. तुझी ती माफी संध्याकाळच्या पेपरात आलीय, तेवढं कात्रण कापून घेतलंय. ते घेऊन बसलीय. जेवणावर लक्ष नाही तिचं."

"मी येतो."

"माझं ऐकशील तर दोन दिवस जाऊ दे. ती आपणहून बोलेल. तुझ्या तोंडाला जरा विश्रांती दे."

आयुष्यात ऐकण्यासारखे सल्ले फार थोडे मिळतात. त्यातला हा एक होता. बारक्याने तो ऐकला नाही.

शुक्रवारी प्रसिद्धीबाईंचा कापूस निघाला आणि त्या जेमतेम बोलू लागल्या. "एक शब्द बाहेर काढायचा नाही," त्या सुजलेल्या गालातून म्हणाल्या. "माफी चुकून गेली म्हणालास, तर आधीच्या तिन्ही माफ्यांची चौकशी होईल. तू आईची माफी मागितलीस, गोड दिसतंय, असंच राहू दे."

"पण ती खोटी आहे."

"मग आधीच्या कुठे खऱ्या होत्या?"

बारक्या दिवसभर घरात फेऱ्या मारत राहिला. जगाला काय वाटायचं ते वाटो, पण आईला असं वाटायला नको की आपल्या मुलाला आपली लाज वाटली, आपलं नाव पुस्तकात आल्याबद्दल त्याने लोकांची क्षमा मागितली. एकदा तरी कोणाला तरी खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं. हा त्याच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच सरळ निर्णय होता, आणि तो घेऊन शनिवारी दुपारी तो आईच्या दारात उभा राहिला.

दार आईनेच उघडलं. ताई बाहेर गेली होती. आतल्या खोलीत इस्त्रीचा वास होता आणि खुर्चीच्या पाठीवर आईचे ठेवणीतले कपडे नीट घडी करून टाकलेले होते. बारक्याने ते बघितले आणि सोडून दिले.

"बस," आई म्हणाली. तिचा चेहरा नेहमीपेक्षा उजळ होता. "बरं झालं आलास. मी तुला फोनच करणार होते. मला तुला एक—"

"आई, थांब. आधी मी बोलतो."

"अरे, पण—"

"नाही, आधी माझं ऐक. मग तू काय बोलायचं ते बोल."

आईने मान डोलावली. वीस वर्षं खिडकीवर काढलेल्या बाईला दुसऱ्याचं आधी ऐकून घ्यायची सवय होती. बारक्याने सगळं सांगितलं. महिनाभर आधी लिहिलेली माफी, लावलेली वेळ, अक्कलदाढ, घरमालकाची चार पानं. आईला आकड्यांचा घोळ कळावा म्हणून त्याने पेपरच्या कडेला सरांचं पान आणि आईचं पान असे बाण काढून दाखवले. आत्मचरित्रात लिहिलं नव्हतं इतकं खरं तो त्या अर्ध्या तासात बोलला. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं.

"कळलं ना? तुझ्याबद्दल मला लाज वाटली वगैरे काही नाही. ती माफी तुझ्यासाठी नव्हतीच मुळी."

"असं होय," आई म्हणाली.

तिने पेपरवरच्या बाणांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे ते 'मी तेव्हा लहान होतो', ते सरांना होतं."

"हो."

"आणि 'बोलायला नको होतं' तेही."

"हो, सगळंच. मी त्यांना म्हातारा म्हटलं होतं ना."

"मग त्यांना मिळाली का?"

"कुठली मिळते! ते वेगळ्याच गोष्टीवरून रुसलेत."

"अरेरे," आई म्हणाली. तिने उठून पाकिटातून ते कात्रण काढलं. चार घड्या पडल्या होत्या आणि कडा मऊ झाल्या होत्या. "मग हे त्यांना नेऊन दे. खिडकीवरसुद्धा दुसऱ्या पेशंटचा डबा आमच्याकडे आला, तर आम्ही ठेवून घेत नाही."

बारक्याने कात्रण हातात घेतलं, आणि इतका वेळ सुसाट चाललेलं त्याचं डोकं एकदम थांबलं.

"आई, तुला काय वाटलं होतं? तुझ्यासाठी आहे असं?"

"मला कुठे काय," आई म्हणाली. "वाचताना वाटलं जरा. नऊ वर्षं झाली ना. म्हटलं, एवढ्या दिवसांनी आठवलं याला. आणि तेही सगळ्यांसमोर म्हणाला." ती हसली. "मीच वेडी. पुस्तकात तर तू गंमत म्हणून लिहिलंयस. मी पुढचं वाक्यही वाचलं होतं, रहस्याचं. तरी माफी वाचली आणि वाटलं, लिहून झाल्यावर त्याला वाईट वाटलं असेल."

"आई, मग तुझीच आहे ती. मी आत्ता म्हणतो. माझं चुकलं. मी बोलायला नको होतं. माफ कर मला."

त्याला खरंच रडू येत होतं. पण कॅमेऱ्यासमोरच्या तीन माफ्यांनंतर त्याचा आवाज आपोआप खाली जाई, मान तिरकी होई आणि 'माफ' या शब्दाआधी तो नेमका श्वास घेई. आता मनापासून म्हणतानाही ते सगळं तसंच झालं. ते त्याचं त्यालाही ऐकू आलं.

"बरं म्हणालास," आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "चहा ठेवते. दमला असशील."

"तू मला काय सांगणार होतीस?"

"काही नाही रे. असंच."

ती आत गेली. चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्चीवरचे कपडे उचलून कपाट लावल्याचा. मग ती फोनवर कोणाशी तरी बोलू लागली, खिडकीवर बोलायची तशी हळू आणि स्पष्ट.

"अगं, मी बोलतेय. उद्याची तुझ्याशी बदलून घेतली होती ना ड्युटी, ती राहू दे. मीच येते... नाही गं, तब्येत छान आहे. उद्या नाटकाला जायचं होतं मला, ते रद्द झालं."

बारक्या बाहेर कात्रण हातात धरून बसला होता. त्याच्या नाटकाचा उद्याचा प्रयोग हाउसफुल्ल होता.