आठ दिवसांच्या बोलीची खुर्ची

नामाकाका खालापूरच्या बाजारात चपला घ्यायला गेला की एका पायात जुनी आणि एका पायात नवी घालून अख्खा बाजार फिरून यायचा. भाजी घ्यायचा, तहसील कचेरीपर्यंत जाऊन यायचा, ओळखीचं कुणी भेटलं तर उभ्याउभ्या गप्पा हाणायचा, आणि मग दुकानात येऊन म्हणायचा, "डावी बरी हाय. आता उजवी बगायला लागंल." की पुन्हा तीच फेरी, पाय बदलून. दुकानदार आधी भांडला, मग वैतागला, आणि शेवटी काका लांबून येताना दिसला की स्वतःच एक चप्पल काढून तयार ठेवायला लागला.

पोशीरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि मी टेंपो चालवायचो. त्यामुळे त्याची प्रत्येक खरेदी माझ्या टेंपोतून यायची, आणि बहुतेक वेळा माझ्याच टेंपोतून परत जायची. छत्री घेतली तर नळाखाली धरून बसायचा. स्टो घेतला तर पाहुण्यांना जेवायला बोलावून त्याच्यावर सगळा स्वयंपाक करून बघायचा, आणि पाहुणे हात धुवायच्या आत स्टो माझ्या टेंपोत. कुणी काही बोललं तर त्याचं ठरलेलं वाक्य, "आदी बगू, मग बोलू."

ही रीत त्याच्या बापाची. बाप बैल घ्यायचा तो आठ दिवसांच्या बोलीवर, पटला नाही तर परत. त्या आठ दिवसांत बैलाला चिखलातून चालवायचा, चढावर भरली गाडी ओढायला लावायचा, आणि एक दिवस वैरण न घालता जुंपून बघायचा, मारका निघतो का ते. बाप गेला, दावण मोडली, तरी नामाकाकाच्या डोक्यातून तो बैलबाजार काही उठला नाही. एकच गोष्ट त्यानं न तपासता पसंत केली होती, ती म्हणजे सुमनकाकी. असं काकीच हसून सांगायची.

या काकीच्या पायांतला जीव एका तापात गेला. पोरंबाळं नव्हती. तेव्हापासून काका तिला पाठीवर घ्यायचा. न्हाणीघरात पाठीवर, ओट्यावर पाठीवर, पौर्णिमेला विहारातसुद्धा पाठीवर. कारखान्याला जाताना तिला ओट्यावर ठेवून जायचा आणि दिवसभर माझी बायको तिच्याकडे बघायची, पण उचलायची परवानगी कुणाला नव्हती. एकदा मी पुढं झालो तर माझ्यावर खेकसला, "हात नको लावूस रं बाबू. तुला तिचा तोल ठाऊक नाय."

काका रिटायर झाला, त्याच सुमाराला काकीच्या कानावर आलं की बॅटरीवर चालणारी खुर्ची मिळते, दांडी ढकलली की आपली आपण पळते. काकीनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर बसून, माझ्यादेखत, ती काकाला म्हणाली, "मला एकदा कुणाला न सांगता घराबाहेर जायचंय. मग मेले तरी चालंल."

 मुंबईतलं एक दुकान असली खुर्ची आधी भाड्यानं वापरायला देतं, आवडली तर विकत, अशी माहिती काकानं आठवड्याभरात काढली. पटली नाही तर परत, हे ऐकून त्याला किती बरं वाटलं असेल ते मी सांगायला नको. खुर्ची माझ्याच टेंपोतून आली. दुकानाचा माणूस बरोबर आला, रात्री चार्जिंगला लावायची, बंद पडली तर खालचा खटका सोडून ढकलायची, असं सगळं समजावून आठ दिवसांनी येतो म्हणून गेला.

आणि मग सुरू झाली खुर्चीची तपासणी. पहिल्या दिवशी काकानं खुर्चीत काकीला नाही बसवलं. भाताचं पोतं बसवलं! पोत्याला दोरीनं बांधलं, स्वतः बाजूला उभं राहून दांडी ढकलली, आणि पोतं निघालं गावातून फिरायला. मागं सगळं गाव. काका मात्र हसेना. दुसऱ्या दिवशी पोतं चढावर गेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं वाटेवर पाणी ओतून चिखल केला आणि त्यातून पोतं नेलं. खुर्ची थोडी घसरली, कुरकुरली, आणि गेली.

खरं तर एवढं पास झाल्यावर माणूस खूश होतो. इथं खुर्ची एकेक परीक्षा पास होत होती आणि काकाचं तोंड उतरत चाललं होतं. आणि ओट्यावर काकी बसलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, डोळे त्या चाकांवर. "अवो, मला कदी बसवणार?" असं ती रोज विचारायची आणि रोज काका म्हणायचा, "आदी बगू." दिवस निघून चालले होते. माझं तर टाळकंच फिरलं. म्हटलं, "काका, खुर्ची काकीला घ्यायचीय का पोत्याला?"

मग त्यानं तिला बसवलं. पण खुर्चीची मागची मूठ सोडायला तयार नाही. ती दांडी पुढं ढकलतेय, हा मागं ओढतोय, आणि मोटार बिचारी घुरघुर करतेय. तरी काकी शिकली. दोन दिवसांत ओट्यावरून खुर्चीत आपली आपण सरकायला लागली, आणि अंगणात अशी वळायला लागली की माझी बायको टाळ्या वाजवायची. काका म्हणाला, "अंगणात काय, कुनीबी चालवंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा माणूस येणार होता. त्याच्या आदल्या दुपारी काका नेरळला गेला. मी टेंपो धूत होतो. तो परत आला, घरात गेला आणि तसाच बाहेर आला. "बाबू, सुमन कुठं हाय?"

ओट्यावर काकी नव्हती. खुर्चीही नव्हती. मला हसूच आलं. "गेली असंल की. तिला जायचंच हुतं."

काकाचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं, खुर्ची उपाशी हाय."

"म्हंजे?"

"काल चारजिंगला लावली नाय. उपाशी किती चालते ते बगायचं हुतं."

 हातातलं फडकं टाकलं आणि धावलो. धुळीत चाकांचे माग स्पष्ट होते. ते विहाराकडे गेले नव्हते, पाण्याच्या टाकीकडे गेले नव्हते, सरळ पाटाच्या बांधावर चढले होते. पाट त्या दिवसांत भरून वाहायचा, आणि बांध कसला, बैलगाडी कशीबशी मावेल एवढाच. काका पळता पळता धापा टाकत होता, "बाजूला पानी हाय रं, बाजूला पानी हाय," एवढंच म्हणत होता.

वळणावर काकी दिसली. खुर्ची वळताना बंद पडून तिरकी उभी होती आणि पुढचं एक चाक बांधाच्या कडेवरून बाहेर लोंबत होतं. खाली पाणी. काकी अगदी ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, हलायची नाही. मी हाक मारणार, तेवढ्यात काकानं माझं तोंडच दाबलं. दचकली असती तर संपलं होतं.

तो सावकाश पुढं गेला. नुसताच बोलत गेला, हळू आवाजात, जुन्या बैलाशी बोलावं तसं. "मी आलोय गं. हलू नको. मी आलोय." गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही हातांनी ते चाक धरलं. मी मागून खटका सोडला आणि खुर्ची ओढली. माती सुटली, ढेकूळ पाण्यात पडलं, आणि खुर्ची बांधावर आली. 

काका लगेच काकीकडे पाठ करून खाली बसला. "चल, बस पाठीवर. खुर्ची नापास. उद्याच परत."

"नाय बसत," काकी म्हणाली.

काका तसाच, पाठ करून.

"चारजिंगला का नाय लावलीत?"

"उपाशी बगायची..."

"खरं सांगा."

 काका तिच्याकडे न वळताच म्हणाला, "दोन दिस झाले, तू मला हाक मारली नायस. न्हाणीकडं गेलीस, ओट्यावर आलीस, सगळं आपलं आपण. नोकरी गेली, आता तुलाबी माजी गरज नाय. मग मी दिवसभर घरात बसून काय करू, सांग."

मला वाटलं आता काकी रागावणार. तसा तिला हक्कच होता, जिवावर बेतलं होतं. पण ती म्हणाली, "इकडं बगा."

काका वळला.

"इतकी वर्सं तुमी मला पाठीवर घेऊन फिरवताय. रस्त्यानं जाताना मला नुसती तुमची मान दिसते. मी हसले तर तुमाला दिसत नाय, तुमी हसलात तर मला कळत नाय. चारचौघांत नवरा-बायको बाजूबाजूनं चालतात, तसं आपण कदी चाललोच नाय. मी एकटी का आले? पाटापर्यंत जमतंय का ते बगायला आले. जमलं की तुमाला घेऊन येणार हुते, संध्याकाळचं."

काका उठला. मी खुर्ची ढकलायला घेतली तर तो मूठ धरायला मागं आला, आणि काकी म्हणाली, "बाबू ढकलंल. तुमी हिकडं या."

तो तिच्या बाजूला आला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, मागं बांधले, पुढं घेतले, शेवटी एक हात तिच्या खुर्चीच्या कठड्यावर ठेवला. अर्ध्या वाटेवर मला हळूच म्हणाला, "उद्या त्या माणसाला तूच सांग रं, खुर्ची ठेवली म्हणून. मी समोर येनार नाय."

"का ओ काका?"

"मला रडू येईल."

"उद्या कशाला," काकी म्हणाली, "आताच येतंय की. दिसतंय मला."