चुकून झापलेले पालक

मुख्याध्यापिकाबाईंना या शाळेत रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यात आठवीतल्या एका मुलीने इतिहासाच्या सरांना वर्गात कोंडून बाहेरून कडी लावली. सर मधली सुट्टी संपेपर्यंत आत बसून होते. छडी आणि आरडाओरडा दोन्ही बाईंना नामंजूर. पालकांना बोलावून शांतपणे समजावायचं, हा त्यांचा रिवाज. त्यांनी मुलीच्या वडिलांना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दारात घुटमळले. "मला बोलावलं होतं," ते अदबीने म्हणाले.

बाईंनी त्यांना बसवलं आणि शांतपणे सुरुवात केली. शेवटचं कधी बोललात लेकराशी? त्याच्या मित्रांची नावं तरी ठाऊक आहेत का? गृहस्थांनी दोनदा तोंड उघडलं, पण बाई श्वास घ्यायलाही थांबेनात. शेवटी ते मान खाली घालून ऐकू लागले. त्यांचे डोळे पाणावलेले पाहून बाईंना बरं वाटलं. आता मुलीला समोर आणावं म्हणून त्या बाहेर आल्या.

बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता, शेजारी पान्या-पकडींची पिशवी. आज प्लंबरही यायचा होताच.

"उशीर केलात," बाई म्हणाल्या. "ही पिशवी उचला आणि त्या कोपऱ्यातला गळका नळ आधी बघा."

माणूस काहीसा गोंधळला, पण निमूट उठला.

बाई मुलीला घेऊन परतल्या, तेव्हा तो माणूस नखशिखान्त भिजून नळाच्या धारेवर दोन्ही तळवे दाबून उभा होता. मुलगी जागीच थबकली.

"बाबा, काय करताय?"

"तुझी शिक्षा भोगतोय," बाबा म्हणाले. "इथली पद्धत असेल."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात आतले गृहस्थ धावत आले, बाकावर ठेवून गेलेल्या आपल्याच पिशवीतून पाना काढून त्यांनी नळ बंद केला. मुलीने आपल्या ओढणीने बाबांचं डोकं पुसलं आणि कुणी न सांगता ती इतिहासाच्या सरांची माफी मागायला गेली. वडील ओल्या शर्टानेच तिच्याकडे बघत राहिले. "घरी कितीही सांगितलं तरी ऐकत नाही," ते म्हणाले. "फार उपकार झाले, बाई."

बाई ओशाळून प्लंबरकडे वळल्या. "तुम्हाला तर मी उगीचच बोलले. माफ करा."

"माफी कसली," प्लंबर म्हणाला. "माझाही पोरगा आठवीत आहे, दुसऱ्या शाळेत. त्याच्या एकाही मित्राचं नाव मला सांगता आलं नसतं. असं बसवून कुणी कधी बोललंच नव्हतं मला."

इतक्या वर्षांच्या नोकरीत झापल्याबद्दल कुणी आभार मानले नव्हते.

प्लंबरने पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"बाई, एक विचारू? माझ्या मेहुण्याला उद्या पाठवलं तर चालेल का? त्याला फार गरज आहे हो."



"पाठवा," त्या म्हणाल्या. "फक्त आत आल्या आल्या आपण कोण ते सांगा म्हणावं."