विहिणींच्या गळ्यातलं चुंबक

तनुजाने एखादी गोष्ट मनावर घेतली, की ती तडीस तरी जायची, नाहीतर मोडून तरी पडायची. अर्धवट मात्र राहायची नाही. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून ती दागिने घडवायला बसली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तिला समजावून पाहिलं. पण तनुजाला समजावणं म्हणजे बिबट्याला वरणभात वाढणं! समजावणारेच शेवटी घाबरून परत जायचे.

"आमोद, नीट ऐक," तिने नवऱ्याला वारज्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलापाशी बसवून सांगितलं. "एक दागिना आणि पाच रूपं! सकाळी लांब हार. दुपारी खालचा सर काढला की ठुशी. काढलेला सर दंडात घातला की बाजूबंद. पदक निघतं, ते अंबाड्यात. आणि हे दोन तुकडे कानात. फासा नाही, आकडा नाही, मळसूत्र नाही. सगळं आत लपवलेल्या चुंबकांवर! नुसतं जवळ नेलं की टक्!"

"आणि रात्री फ्रिजच्या दारावर," आमोद म्हणाला. तो पेठेत वाढलेला होता. कौतुक करायची वेळ आली की त्याच्या घशात काहीतरी अडकायचं.

पहिल्या प्रयत्नात चुंबकं लेचीपेची निघाली. हार घालून तनुजा भाजी आणायला गेली आणि आलं निवडायला वाकली, तसं पदक सुटून थेट तराजूत पडलं. भाजीवालीने आल्यासोबत तेही तोलून पिशवीत टाकलं! घरी येऊन पिशवी उपडी करेपर्यंत तनुजाला पत्ता नाही.

"आता जोरकस चुंबकं आणते," तिने जाहीर केलं. आणि आणलीच. दिसायला डाळिंबाच्या दाण्याएवढी, पण अंगात रेड्याची ताकद! नवा हार घालून ती कढईपाशी गेली मात्र, ओट्यावरचं लोखंडी उलथनं आणि सांडशी अशी दोन्ही उठून तिच्या गळ्यात आली.

"हे गळ्यात घालायचंय की जेसीबीला लावायचंय?" आमोदने विचारलं.

तनुजा सांडशी सोडवण्यात गुंतली होती.

अशा वेळी तिच्या मावसबहिणीचं, स्वरालीचं, लग्न ठरलं. मुलगा सुदर्शन, हिंजवडीचाच, म्हणजे तिथल्या कंपनीतला नव्हे, तिथल्या मूळ गावातला. कंपन्या ज्या जमिनींवर उभ्या राहिल्या, त्यातली थोडी यांचीच होती. मुलगा लाखात एक होता. अडचण होती ती दोन आयांची.

स्वरालीची आई म्हणजे तनुजाची मंदाकिनीमावशी. सदाशिव पेठेत राहणारी, घड्याळाला वळण लावणारी बाई. सुदर्शनची आई मुक्ताईकाकू. यांच्या दारातून मांजरसुद्धा उपाशी परत जात नसे. साखरपुड्याला मुलाकडची मंडळी वाहतुकीत अडकली आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर पोहोचली. मावशीने तोवर पानं उचलून, फरशी पुसून घेतली होती.

"आमंत्रणावर वेळ छापतो, ती शोभेसाठी नाही," मावशी म्हणाली.

"आमच्यात पाव्हण्याला घड्याळ दावत न्हाईत, ताट दावत्यात," मुक्ताईकाकू म्हणाल्या.

झालं! त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मानपान, मेनू, मुहूर्त, सगळं मुलांमार्फत. स्वराली रडकुंडीला येऊन तनुजाकडे आली.

"ताई, दोघींना लग्नात घालायला तुझे हार कर. पण सेम टू सेम हं! एक मणी जरी कमी-जास्त झाला ना, तर माझं लग्न बोहल्याआधीच मोडेल."

तनुजाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. अख्ख्या लग्नमंडपासमोर तिची कला मिरवणार होती! ती दुसऱ्याच दिवशी मापं घ्यायला मावशीकडे गेली.

"घालीन," मावशी म्हणाली. "पण तुझे ते तुकडे निघतात म्हणे. माझं पदक चुकून त्यांच्या गळ्यात गेलं, तर मी मागायला जाणार नाही. आणि त्यांचं माझ्याकडे आलं, तर मी ठेवून घेणार नाही. टाकून देईन."

आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मावशी, जरा जपून वापर. पण तनुजाने हे आव्हानच मानलं! चार दिवस ती टेबलावरून उठली नाही आणि मग तिने असा काही तोडगा काढला, की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

"मावशीच्या हारात सगळ्या चुंबकांचं उत्तर टोक बाहेर," तिने आमोदला समजावलं, "आणि मुक्ताईकाकूंच्या हारात दक्षिण टोक बाहेर. त्यामुळे एकीचं पदक दुसरीच्या हारावर ठेवायला गेलं, तर ते चिकटणारच नाही. उलटं ढकललं जाईल! अदलाबदल अशक्य!"

आमोदने करून पाहिलं. खरंच, पदक हाराजवळ नेलं की रुसलेल्या जावयासारखं तोंड फिरवायचं. त्याने कौतुकाचा एक शब्द काढायला तोंड उघडलं, पण सवय नसल्यामुळे ठसका लागला.

उत्तर आणि दक्षिण समोरासमोर आली तर काय होतं, हे शाळेत दोघेही शिकले होते. पण त्या वेळी ते दोघांपैकी कुणालाही आठवलं नाही.

लग्न बिबवेवाडीच्या कार्यालयात होतं. दोन्ही विहिणी हार घालून आल्या आणि तनुजाचा ऊर भरून आला. काय झळकत होते ते हार! अक्षता पडल्या, सनई वाजली, सगळं सुरळीत. मुक्ताईकाकूंच्या भावकीने डीजे आणला होता, पण मावशीच्या अटीनुसार तो कोपऱ्यात झाकून ठेवला होता.

मग विहिणींची भेट पुकारली गेली. दोघी व्यासपीठावर आल्या. दोघींचे चेहरे असे, की जणू दात काढून घ्यायला आल्यात.

"काकू, जरा जवळ!" फोटोग्राफर अवधूत ओरडला. "अजून जवळ! अहो, दोघींच्या मधून मागचा अख्खा हॉल दिसतोय! मिठी मारा ना!"

मावशीने घसा साफ केला. मुक्ताईकाकूंनी पदर सावरला. दोघींनी एकमेकींच्या खांद्यावर जेमतेम बोटं टेकली आणि एवढीशी, चहाच्या चमच्याएवढी मिठी मारली.

टक्!

आणि लगेच मागोमाग टक्-टक्-टक्-टक्!

"वा! परफेक्ट!" अवधूत म्हणाला. "झालं काकू, आता सोडा."

कोणीही सोडलं नाही.

"बघा, बघा, विहिणींचं किती प्रेम!" पहिल्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्याला पदर लावला. "नाहीतर आमच्या वेळी!"

वर व्यासपीठावर, नाकाला नाक लावून, प्रेम असं चाललं होतं:

"ओढू नका," मावशी दातओठ खात म्हणाली.

"म्या कुठं वढतीय? तुम्हीच मला धरून ठिवलंय!"

"मी माझ्या जागेवर आहे. तुम्ही पुढे येताय."

"अवो, मान हाय माझी ती! घागरीची दोरी न्हाई!"

तनुजाला आत्ता कुठे शाळा आठवली. उत्तर आणि दक्षिण! ती तीन पायऱ्या एका ढांगेत चढून वर पोहोचली. "मावशी, घाबरू नकोस. ओढायचं नाही, सरकवायचं. काकू, तुम्ही जरा खाली वाका. हार वरखाली झाले की सुटतील."

"वरमाय वाकती व्हय कुठं?" मुक्ताईकाकू म्हणाल्या. "त्यांना वाकाय सांग."

"मुलीच्या आईने वाकायचे दिवस गेले," मावशी म्हणाली. "मी अशीच उभी राहीन. वरात निघेपर्यंत."

"मग हार गळ्यातून काढूया का?" म्हणून तनुजाने मावशीच्या मानेमागे हात घातला. पण मागचा जोडही चुंबकाचाच! तो तिने सोडवला आणि सुटलेलं एक टोक उडी मारून मावशीच्या अंबाड्यातल्या आकड्यांना जाऊन चिकटलं. दुसरं ओढलं, तर ते मुक्ताईकाकूंच्या पदराच्या पिनेवर बसलं. आता दोघी आणखी एका ठिकाणी जोडल्या गेल्या होत्या.

एवढ्यात आमोद धावत आला. आयुष्यात प्रथमच तो बायकोच्या कामात उत्साहाने मदत करत होता. "मध्ये घालायला सपाट काहीतरी पाहिजे ना? हे घे, आचाऱ्याकडून आणलंय!" आणि त्याने दोघींच्या मध्ये एक भलंमोठं लोखंडी उलथनं सरकवलं.

टक्!

"आमोद," तनुजा थंडपणे म्हणाली, "तू जेवायला बस."

पण ती हरणारी नव्हती. तिने बाह्या सरसावल्या. "उभं नाही तर आडवं सरकवू. कुणी वाकायला नको. मावशी, डावीकडे जा. काकू, तुम्ही पण डावीकडे. एक, दोन..."

मावशी डावीकडे गेली. मुक्ताईकाकू मात्र तनुजाच्या डावीकडे गेल्या, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे. परिणाम असा झाला, की दोघी एकत्रच व्यासपीठाच्या एका टोकाला गेल्या.

"परत! आता उजवीकडे!"

दोघी एकत्रच दुसऱ्या टोकाला आल्या. मग पुन्हा इकडे. मग स्वतःभोवती एक गिरकी.

"आयला! विहिणी फुगडी घालायल्यात!" मुलाकडच्या पंगतीतून कोणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. शिट्टी वाजली. कोपऱ्यातल्या डीजेवरची चादर उडाली आणि असा काही दणका बसला, की भटजींच्या हातातलं ताम्हण वाजू लागलं!

"हे कोण वाजवतंय?" मावशी ओरडली. "सनईशिवाय काही वाजणार नाही असं ठरलं होतं!"

"मग तुम्ही नाचायचं थांबा की! तवाच थांबतील ती!"

"मी नाचत नाहीये!"

"मग माझ्या पायावर काय करताय?"

तेवढ्यात मुक्ताईकाकूंच्या पैठणीचा काठ त्यांच्याच पायात आला आणि त्यांचा तोल गेला. मागे व्यासपीठाची कड होती. तनुजाने किंकाळी फोडली. पण मावशीने झटकन दोन्ही हातांनी काकूंची कंबर धरली आणि पाय रोवून उभी राहिली. काकूंचं वजन काही कमी नव्हतं. मावशीच्या कपाळावर घाम आला, पण तिने सोडलं नाही.

डीजे कोणीतरी बंद केला. काकू सावरल्या. दोघी धापा टाकत तशाच उभ्या राहिल्या. तोंड फिरवायची सोय नव्हतीच!

"त्या दिशी," मुक्ताईकाकू हळूच म्हणाल्या, "आमची माणसं उशिरा मुद्दाम न्हाई आली, विहीणबाई. ट्रक आडवा झालता रस्त्यात. लेकरं उपाशी हुती."

मावशीने काकूंच्या कमरेवरचे हात सैल केले.

"फोन केलता म्या."

"कधी?"

"दुपारी. तुमच्यातल्या कुणीतरी सांगितलं, बाई जरा पडल्यात, आता उठवायचं न्हाई."

मावशीने डोळे मिटले. तिच्या घरचा नियम तिनेच केला होता. आजवरच्या आयुष्यात मंदाकिनीमावशीने कुणाची माफी मागितल्याचं तनुजाला ठाऊक नव्हतं. आत्ताही तिने मागितली नाही. ती एवढंच म्हणाली, "लहान मुलांची ताटं तरी झाकून ठेवायला हवी होती."

"ऱ्हाऊ द्या आता."

"राहू कसं देणार? उद्या सगळ्यांना घेऊन घरी या जेवायला. कधीही या."

'कधीही या' हे शब्द मावशीच्या तोंडून ऐकून पहिल्या रांगेतल्या दोन नातेवाइकांनी एकमेकांना चिमटे काढले. मग मावशी भाचीकडे वळली, म्हणजे बुबुळांनीच वळली. "तनुजा, नीट सांग. कुणाची डावी बाजू?"

"आपापली! जिथे मनगटावर घड्याळ आहे ती!"

"माझ्या हातात घड्याळ न्हाई," काकू म्हणाल्या.

"मला माहितीये," मावशी म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. त्या हसण्याच्या धक्क्यातच दोघी आपापल्या डावीकडे सरकल्या, करकर आवाज झाला आणि विहिणी सुटल्या! उलथनं तेवढं मुक्ताईकाकूंच्या छातीवर राहिलं. काकूंनी ते तसंच ठेवून पंगतीत दोन वेळा वाढलं.

सगळं गोड झालं. तनुजाच्या तोंडाला मात्र चव नव्हती. पंगतीत माणसं विहिणींबद्दल बोलत होती, डीजेबद्दल बोलत होती, उलथन्याबद्दलही बोलत होती. हारांबद्दल चकार शब्द नाही. तिने घरी येऊन दोन्ही हार टेबलावर एकमेकांपासून लांब ठेवले आणि चुंबकांची टोकं पुन्हा तपासायला बसली. हरायचं नाही म्हणजे नाही!

लग्नानंतर काही दिवसांनी मुक्ताईकाकूंचा फोन आला.

"तनुजा, पोरी, तसलेच आणखी दोन हार कर. माझ्या दोन जावांसाठी. बांधावरनं भांडल्यात, तवापासनं एकमेकीचं तोंड बघत न्हाईत. आन हे बघ, चुंबक जरा जास्ती ताकदीचं घाल. लई ताठ हायत दोघी!"

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली खरी मागणी! तीही स्वतः हार घालून पाहिलेल्या बाईकडून! आवाज शक्य तितका सहज ठेवत तिने विचारलं, "काकू, पण खरं सांगा हं. डिझाइन कसं वाटलं तुम्हाला?"

"डिझाइन?" पलीकडे मुक्ताईकाकू जरा विचारात पडल्या. "ते काय नीट बघाय गावलंच न्हाई गं. सारा वेळ डोळ्यांसमोर तुझ्या मावशीचं नाक हुतं!"