फ्रिजची प्रकृती

बंडोपंतांच्या घरी फ्रिज आला तो केवळ त्यांच्या पत्नी गंगूताईंच्या इन्सुलिनसाठी. हिंगोलीचा वैशाख या औषधाला सोसत नाही, ते थंड ठेवा, नाहीतर टोचून घेतलं काय आणि न घेतलं काय, सारखंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रेवती शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं औषध मधल्या कप्प्यात ठेवलं आणि प्रश्न मिटला असं धरून चालली.

तिचं एक चुकलं. सासरे एका कार्यालयाच्या भांडारातून निवृत्त झालेत, हे तिनं हिशेबात घेतलं नाही. पंतांच्या ताब्यातली एकही वस्तू उभ्या नोकरीत खराब झाली नव्हती, कारण त्यांनी ती कुणाला वापरू दिली नव्हती. निरोप समारंभात या कामगिरीबद्दल त्यांना शाल मिळाली होती. तीही अजून घडी न मोडता ठेवलेली आहे.

पहिल्याच संध्याकाळी वीज गेली आणि आली. शेजारचे उकंडराव धावत आले. गेल्या साली त्यांचा टीव्ही जळाल्यामुळे गल्लीत ते या विषयातले जाणकार मानले जात.

"पंत, लाईट जाती त्याची तकलीफ न्हाई. येती ना, तवा दणका बसतो. माझा टीव्ही लाईट आल्यावरच गेला."

पंतांनी रीतसर विचार केला. वीज असली की ती जाण्याचा धोका. गेली की येण्याचा. सबब, फ्रिजला खरा धोका विजेचाच होता.

स्टॅबिलायझर आणला. तो गरम होऊ लागला, म्हणून त्याच्यासमोर कूलर लावला. कूलरच्या ओलाव्यानं फ्रिज गंजेल, म्हणून फ्रिजला प्लॅस्टिक गुंडाळलं. प्लॅस्टिक उन्हानं तडकेल, म्हणून वरून गोधडी घातली. गोधडीत फ्रिज तापला. तापलेलं यंत्र चालू ठेवू नये हे कुणालाही पटेल, म्हणून पंतांनी प्लग काढला. स्टॅबिलायझर आणि कूलर मात्र व्यवस्थित चालू राहिले.

"अहो, कूलर जरा इकडं वळवा की. काहून त्या डब्याला वारं घालून राहिलात?" गंगूताई पदरानं मान पुसत म्हणाल्या.

"तो तापलाय."

"मग मी काय गारठलेय?"

"तुझं वेगळं. तू बोलून दाखवतेस तरी. त्या बिचाऱ्याला तोंड आहे का?"

"त्याला तोंड न्हाई म्हणूनच तुमचं त्याच्याशी जमून राहिलंय!"

रेवती घरी आली की प्लग लावी. शाळेत गेली की पंत तो काढत. शेवटी एकदा तिनं प्लग न लावताच प्रयोगशाळेतला तापमापक आणून फ्रिजमध्ये ठेवला आणि तासाभरानं सासऱ्यांपुढे धरला.

"अण्णा, आत छत्तीस अंश आहे."

"आणि बाहेर?"

"एक्केचाळीस."

पंतांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाच अंशांचा फायदा, आणि तोही विजेशिवाय! लोकांना फ्रिज वापरताच येत नाही, रेवती."

"अण्णा, या तापमानात औषध निकामी होतं. आईंना ते लागू पडणार नाही."

"औषध दर महिन्याला नवं येतं. फ्रिज येतो का?"

दार उघडल्यानं थंडावा जातो, हे तिनंच पूर्वी सांगितलं होतं. पंतांनी त्याचा आदर राखून दाराला सुतळी बांधली.

रेवतीनं नवं औषध आणलं आणि ती उकंडरावांकडे गेली. त्यांच्या घरी जुना पण चालता फ्रिज होता. त्यांनी हात जोडले. "पंतांचं बघून आमी बी परवाच बंद केला ना, ताई. आता त्यात कपडे ठेवून राहिलो. बराबर मावतात."

इकडे गंगूताईंची साखर चढत गेली. डॉक्टरांनी विचारलं, "औषध फ्रिजमध्येच ठेवता ना?" "फ्रिजमध्येच," पंत शपथेवर सांगावं तसं म्हणाले. रेवतीनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी तोवर मात्रा वाढवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी गंगूताईंना धाप लागली. बोलता बोलता त्यांची शुद्ध हरपली. रेवतीनं रिक्षा बोलावली. पंतांनी त्यांना रिक्षात नीट निजवलं, डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी वर पाहिलं.

"अण्णा, बसा ना!"

"तुम्ही व्हा पुढं. आभाळ भरून आलंय. वीज कडाडली तर घरी कुणीतरी पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. पंत दार उघडून आधी गोधडी बाजूला करत. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. येणारा हात फिरवून पाही, "नवाकोरा ठेवलाय, पंत!" म्हणे आणि चहा घेता घेता स्टॅबिलायझर कोणता ते विचारून घेई. जाताना चपला घालेपर्यंत कशाला आलो होतो हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नसे.

यावर तुम्ही हसलात, हे ठीकच आहे. फ्रिज, कूलर, स्टॅबिलायझर, सगळे सुखरूप आहेत, हे आता तुम्हालाही कळलं. गंगूताईंचं पुढं काय झालं, हे मात्र तुम्हीही अजून विचारलेलं नाही.